मापाची चिठ्ठी

प्रिय खारुताई,

चिमणीचा पाय आज कसा आहे? बाकी काही नको, आधी तेवढं कळव. काल दवाखान्याच्या दारात तू उभ्याउभ्या सांगितलंस की अंगठ्यात पू झालाय, गुरुवारी नख काढावं लागणार, आणि मी नुसती मान हलवून बस पकडली. नऊ वर्षांची पोर, नख काढताना हातपाय झाडेल, तिला धरायला कोण आहे तिथे? आणि ताप आला तर गुरुवारची वाट बघत बसू नकोस, तशीच उचलून घेऊन जा.

दुकानातच बसून लिहितेय. सकाळपासून एक गिऱ्हाईक आलं, तेही बुटाची लेस घ्यायला. पुलाच्या तोंडाशी पैसे बदलून देणारा टकल्या रोज फळ्यावर भाव लिहितो, तो वाचल्याशिवाय मला हल्ली चहा जात नाही. आज पुलापलीकडच्या देशाच्या शंभराला आपले साठ. तुला आठवतं ना, दोन वर्षांपूर्वी पलीकडचा पैसा कसा चढला होता? माझा जुना माल तिकडच्या माणसांना फुकटात पडल्यासारखा वाटायचा. पिशव्या भरभरून न्यायचे, रांग लागायची, आणि तू लाँड्रीतून सुटल्यावर माझ्या मदतीला यायचीस. आपण दोघी खोक्यांवर बसून हसायचो. तेव्हा मला हाव सुटली. तिकडच्याच कारखान्यातून दुप्पट माल मागवला, शंभराला नव्वद मोजून. पुढे त्यांचा पैसा जो घसरला तो घसरलाच. घाऊकात मला नव्वदला पडलेला जोड आज पलीकडच्या दुकानात, त्या दुकानदाराचा नफा धरूनही, तुम्हाला पंचाहत्तरला मिळतो. मी कितीला विकू, सांग. खोकी छतापर्यंत गेलीत आणि मालकीण त्यांच्याखाली.

बरं, लोक तिकडे गेले याचं एवढं वाईट वाटलं नसतं. पोटाला चिमटा बसला की माणूस पूल ओलांडणारच. पण लहान पोरांना वेगळा परवाना लागतो, वर रांगेत तीन तास, म्हणून पोरं घरी आणि त्यांच्या पायांचं माप माझ्याकडे! आधी एकीने मागितलं, मग गावभर झालं. पोराला माझ्या बाकावर बसवायचं, मी पाय पट्टीवर धरायचा, अंगठा चाचपायचा, वाढत्या पायाला जागा सोडून चिठ्ठीवर आकडा लिहायचा, आणि शनिवारी ती चिठ्ठी घेऊन आया पलीकडे. नाही कसं म्हणायचं? सगळी ओळखीचीच. एका आठवड्यात चाळीस चिठ्ठ्या लिहिल्या आणि तीन जोड विकले. वरवर मी थट्टा करायचे, म्हणायचे आता पाटी बदलते, इथे फक्त पाय मोजून मिळतील. आतून मात्र नुसता जाळ होता.

मग त्या शुक्रवारी तू आलीस. भावजींचं काम सुटलेलं, तुझ्या एकटीच्या पगारावर घर, हे मला ठाऊक होतं. तू खाली बघत म्हणालीस की जिराफ, रागावू नकोस, पण तुझ्या खरेदीपेक्षाही पंधरा वाचतात गं, वर तुझा नफा धरला तर आणखीच. मी हसले. चहा केला. चिमणीला पट्टीवर गुदगुल्या झाल्या तेव्हा तर तिघीही हसलो. बाकी कोणीही जावं, पण तू जाणार होतीस. तेच मला सोसलं नाही.

काल तू जे म्हणालीस त्यानंतर गप्प बसवत नाही. तू डोळे पुसत म्हणालीस, मीच स्वस्ताच्या नादी लागले आणि लेकराला भोगावं लागलं. खारुताई, तसं नाहीये. चिमणीचा पाय तेहतीस भरला होता. तिला चौतीस द्यायला हवा होता. मी बत्तीस लिहिलं. चुकून नाही, जाणूनबुजून. वाटलं, बसणार नाहीत, तिकडे माल परत घेत नाहीत, मग तू हात हलवत माझ्याकडेच येशील आणि मी तुला खरेदीच्याही खाली देईन, उपकार केल्यासारखे. पण तू आलीस ती विचारायला, की फार आवळतात का गं. तेव्हा तरी सांगायचं होतं. मी म्हटलं, नवे बूट चावतातच, चामडं आहे, होईल सैल. तू माझ्यावर विश्वास ठेवलास आणि ती महिनाभर ते घालून शाळेत गेली.

गुरुवारी मी येणार आहे. तू आत घेतलं नाहीस तर बाहेर बसेन. खर्च माझा, त्यावर वाद नको. आपलं काय व्हायचं ते तू ठरव, त्याला मी काही म्हणणार नाही. पण हे पत्र आजच पाठवतेय ते चिमणीसाठी. तिने डॉक्टरांना विचारलं ना, की माझाच पाय जास्त वाढतो का, म्हणून आईचे पैसे वाया गेले का. नख काढायच्या आधी तिला सांग. तिचा पाय जेवढा असायला हवा तेवढाच आहे. मावशीने खोटं लिहिलं.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
जिराफ