काळ्या रंगाखाली पेटलेले नाव

मृत्युपत्र लिहायला फार उशीर केला, याबद्दल सर्वांची माफी मागतो. मी शामराव तुकाराम निखाडे, वय ७६, राहणार वैशाली नगर, भिलाई. धंदा दुकानांच्या निऑन पाट्या बनवणे, शिक्षण सातवी नापास. मी कोणाच्या दबावाखाली नाही, नशेत नाही, आणि बुद्धी होती तेवढी शाबूत आहे. आधीची चार मृत्युपत्रे घाबरून फाडली. हे पाचवे खरे धरावे.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक पत्नी अन्नपूर्णा हिची. 'गॅस बंद केला का?' असे रोज तीनदा विचारणारा माणूस गेल्यावर जी शांतता होईल, तीही तिचीच.

२. काच वाकवायचा बर्नर आणि फुंकायची रबरी नळी भंगारात देऊ नये. कोणी शिकणारा आला तर त्याला द्यावीत. येणार नाही, हे मला ठाऊक आहे.

३. मित्र भैय्याजी यांना काही ठेवलेले नाही. ठेवले तर साक्षीदार म्हणून त्यांची सही अडचणीची होते, असे वकील म्हणाले. भैय्याजी रुसले आहेत.

४. पावर हाउस बाजारातल्या आमच्या दुकानावरची 'शामराव देवराव' ही लाल पाटी धाकटा भाऊ देवराव याला. एकवीस वर्षांपूर्वी त्याने फ्लेक्स छापायची मशीन घेतली. मी म्हणालो, "चिंधीवर नावं छापून राहिला बे, लाज नाही वाटत तुले?" तो म्हणाला, "दादा, तुमी बसा काच फुकत. दुनिया पुढं चालली." आणि रसमड्याला निघून गेला.

मी तावातावाने शिडी लावून त्याचे नाव कापायला चढलो. वर गेल्यावर आठवले, दोन्ही नावे आम्ही काचेच्या एकाच नळीत वाकवली होती. कापले असते तर आतला निऑन गॅस निघून माझेही विझले असते. मग अक्षरांमधले जोड झाकायचा काळा रंग त्याच्या नावावर फासला आणि बाजारभर सांगितले, भाऊ कापून टाकला. रंगाखाली तो रोज संध्याकाळी माझ्याच हाताने पेटत आला.

अन्नपूर्णा विचारते, "काऊन जी, एवढा राग आहे तं मंग रोज बटन कायले दाबता?"

मी विचारतो, "गॅस बंद केला का?"

तो रंग देवरावनेच खरवडावा. माझा हात थरथरतो, काच फुटेल.

ठिकाण: भिलाई. दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५.
सही: शामराव निखाडे
साक्षीदार: १. भैय्याजी ढोमणे (रुसलेले) २. विद्याधर बोकडे (वकील)

ता. क. देवराव, एक प्रत तुला पाठवतो आहे. मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात म्हणे. तू तेवढा थांबू नको. ब्लेड आणून ठेवले आहे. शिडी मी धरतो, तेवढे अजून जमते. कधी येतोस, ते लवकर कळव.