दोन हातांचा चाकू

४ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू उतरवून पाठवलेली दोरखंडाच्या कारखान्यातली नोटीस वाचली: ‘कामगारांनी चाकू आत आणू नये.’ दादा, हट्ट सोड. बाबांचा चाकू मलाही प्यारा आहे. त्यानंच तू माझ्या पेन्सिली तासायचास, अधूनमधून माझी बोटंही! पण लोखंडाच्या तुकड्यापायी नोकरीवर पाणी सोडणार? वहिनीचे दिवस भरत आलेत. ठेव कपाटात. भांडायचंच असेल तर मला बोलाव, माझी जीभ जास्त धारदार आहे.

या आगाऊपणानं लोभ आटू नये.
तुझी भिंगरी

१९ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

ठेवला कपाटात. बावीस वर्षं मांडीला लागणारं वजन गेलं. हात दहादा खिशात जातो, पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तसा. दोर चाकूशिवायही वळता येतो, पण दोरानं माणूस धरला तर? बाबा म्हणायचे, यंत्र थांबायला वेळ घेतं, चाकू घेत नाही. आता अख्ख्या खात्यात एकच चाकू, तोही मुकादमाच्या कुलपात. वहीत सही केली तर मिळणार. फास बसलेल्या माणसानं आधी सही करावी, हे ज्याला सुचलं त्यानं दोर कधी हातात धरलेला नाही! तरी तुझं ऐकलं.

लोभ वाढव, उपदेश कमी कर.
दादा

६ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

अक्षर डाव्या हाताचं आहे, हसू नकोस. यंत्रावर दोराचा फास बसला, उजवा कोपरापासून गेला. जोडीदार कुलपाकडे धावला, तेव्हा मुकादम किल्ली घेऊन जेवायला गेला होता. लेक झाली. डाव्या हातावर मावते.

अपघातानंतरच्या तुझ्या तिन्ही पत्रांत एकच रड: माझ्यामुळे झालं. पुरे. नोटीस त्यांनी गुपचूप काढून टाकली. मालक म्हणतो, बंदी नव्हतीच, हा स्वतःच चाकू घरी विसरला. जोडीदारांना पोटं आहेत, ते गप्प आहेत. माझी पत्रं माझ्याच हातची, ती ते मानणार नाहीत; लेखी पुरावा एकच उरलाय: पोस्टाच्या शिक्क्याचं तुझं चार तारखेचं पत्र. सोमवारी चौकशीत ते तूच वाच, ‘लोखंडाच्या तुकड्या’सकट. रडू आलं तरी थांबू नकोस. तोंडी बंदी कायम आहे, साठ जण आजही रिकाम्या खिशानं आत जातात.

पत्रासोबत बाबांचा चाकू पाठवतोय. रोज जवळ ठेव. पातं उघडायला दोन हात लागतात.

लोभ होता तसाच आहे, एवढं तरी मान.
दादा