लेकीचा हिस्सा आणि सामाईक टपालपेटी

मी, सिंधु भ्र. आप्पासाहेब बिरादार, वय ७१, धंदा पेन्शन, रा. लातूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. सकाळचा चहा स्वतः करून प्यायले आहे आणि माझा हात धरून कोणी लिहून घेत नाही.

१. लातूरचे घर मी टेलिफोन ऑपरेटरच्या पगारातून बांधले. ते मुलगा शिवशंकर, रा. नांदेड, आणि मुलगी उज्वला, रा. किल्लारी, यांना निम्मे-निम्मे देते. उज्वलाकडून कोणीही, कधीही हक्कसोडपत्र लिहून घेऊ नये.

माझ्याकडून वडिलांच्या जमिनीसाठी घेतले होते. भाऊ दयानंद, रा. शिरूर अनंतपाळ, याने भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सही घेतली आणि साडी दिली. जमीन गेली त्याचे एवढे नाही. बहीण आहे, देणारच, हे तो धरूनच चालला, त्याचा राग आहे. साडीची घडी मी मोडलेली नाही. ती त्याला परत करावी.

२. फळीवरचा मेल सर्व्हर, म्हणजे घरच्यांचे ईमेल घेणारा आणि ठेवणारा छोटा संगणक. नोकरी संपल्यावर मी हा डबा शिकून बसवला. शिवशंकर हसला होता, फुकट मिळतंय ते सोडून हा उपद्व्याप कशाला म्हणून. जन्मभर लोकांची बोलणी जोडून दिली. आपल्या घरचे टपाल आपल्या घरात असावे, एवढी हौस होती. लॉटरीचे, कर्जाचे मेल त्याची चाळणी अडवते. एक पेटी सामाईक आहे. ती सगळ्यांनी वाचावी, तीत सगळ्यांनी लिहावे. पुसायचा हक्क कोणालाच नाही, मलाही नाही.

चाळणीत एक नियम माझा आहे. ज्या मेलमध्ये 'हक्कसोड' हा शब्द असेल, त्याची प्रत सामाईक पेटीत पडते. हे सर्वांना समोर बसवून सांगितले होते. शिवशंकर विसरला. गेल्या दिवाळीत त्याने बहिणीला गुपचूप लिहिले, भाऊबीजेला येशील तेव्हा हक्कसोडीवर सही करून जा. झालं, सगळ्या घराने वाचले.

पहिले उत्तर आले सुनेचे, वर्षाराणीचे, नवऱ्याला:

"माझ्या भावानं असाच कागद आणला होता. सही केली अन् माहेर तुटलं. ताईचं तोडू नका."

मी रडले. मग शिवशंकरने तिथेच लिहिले, चुकलं ताई, घर दोघांचं हाय, ओवाळायला ये. उज्वला आली.

३. म्हणून सर्व्हर आणि त्याचा मुख्य पासवर्ड वर्षाराणीला देते. सर्व्हर ज्यावर चालतो त्या इन्व्हर्टरच्या बॅटरीचे पाणी सलीमभाई बघतात, त्यांना विचारल्याशिवाय वायरीला कोणी हात लावू नये. शिवशंकरने तर मुळीच नाही.

४. दयानंदच्या नावाने सर्व्हरवर ईमेलचा पत्ता उघडून ठेवला आहे. माझ्या पश्चात त्याला पासवर्ड द्यावा आणि सामाईक पेटी वाचू द्यावी.

खुलासा: कलम १ मधले साडी परत करण्याचे वाक्य आणि कलम ४ मधले 'माझ्या पश्चात' हे शब्द मी खोडले आहेत. मरेपर्यंत कशाला थांबायचं? उद्या तीच साडी नेसून शिरूरला जाते. जमिनीचा विषय काढणार, भांडणारही. पण पासवर्ड त्याच्या हातात देऊन येईन. खाडाखोड माझीच, शेजारी सही केली आहे.

साक्षीदार:
शेख सलीम, इन्व्हर्टर दुरुस्ती, लातूर (सही)
शिवम्मा स्वामी, शेजारी, लातूर (सही)

सही: सिंधु आ. बिरादार
लातूर, दि. ९ फेब्रुवारी २०२५