शेजारची रिकामी जागा

धाकट्या,

आपल्या चर्चची मंडळी वाढावी म्हणून पाळक या नात्याने मीच रविवारच्या उपासनेत सांगितलं होतं, "शेजारची जागा रिकामी ठेवा, एका माणसासाठी प्रार्थना करा आणि त्याला घेऊन या." आणलं कुणीच नाही. जागा मात्र सगळे इमानेइतबारे अडवून बसतात.

परवा इतक्या वर्षांनी तू आलास. जिथे टेकायला गेलास तिथे कुणीतरी हात आडवा घातला, "इथे येणार आहेत." तू दाराशीच उभा राहिलास. मला वर व्यासपीठावरून दिसत होतं, पण येशूच्या सुवार्तेवरचा उपदेश सोडून मी खाली उतरलो नाही. थकलोय रे. उपदेशानंतरचं गीत संपेपर्यंत तू निघून गेला होतास.

पहिल्या बाकावर तुझी वहिनी शेजारी पर्स ठेवून बसते. ती जागा तुझीच आहे.

तुझा दादा