खळ लागलेली बोटं

४ जून
लेकाचा रिपोर्ट आला. वय अठ्ठावीस, उपाशीपोटी साखर ११२. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डायबिटीस नाही, पण उंबरठ्यावर आहे. या वयातही साखर अशीच राहिली तर हृदयाला धोका वाढतो, त्यात वडील हृदयविकाराने गेलेले. तीन महिन्यांनी परत तपासू.
ह्यांना मी वाचवू शकले नाही. लेकाला काही होऊ देणार नाही. आजपासून घरातली मुख्य डॉक्टर मी.

५ जून
लायब्ररीची फाटकी पुस्तकं मी बांधून देते. बांधता बांधता वाचते. शाळा सातवीपर्यंत, पण साखरेचं पुस्तक दोनदा बांधलंय.
घरात बिस्किटांचे चार पुडे, जॅम, आइस्क्रीमचा डबा. फेकायला मन होईना. लेकाच्या हाती लागण्याआधी मीच संपवलं. आईने नाही करायचं तर कोणी?

१५ जून, रविवार
पुस्तकात लिहिलंय, साखर वाढली की तहान फार लागते. दिवसभर लेकाच्या पाण्यावर पाळत. सहा ग्लास. माझे मोजायचे राहिले. पाळत ठेवून घसा कोरडा पडतो.

२ जुलै
कोपऱ्यावरच्या दुकानात त्याची आवडती क्रीमची बिस्किटं मांडलेली. ऑफिसला जाता-येता नजर जाणारच. सगळे पुडे विकत घेतले. संकट टळलं. पुडे संपवायला आठवडा लागेल.

९ जुलै
पाच दिवसांतच संपले. दुकानदार खूश. म्हणाला, काकू, खप वाढलाय, आता दुप्पट माल मागवतो. मेल्याला काय सांगणार! लढाई मोठी झाली.

२० जुलै
साखर तपासायचं यंत्र आणलं. लेकाला टोचण्याआधी यंत्र धड आहे का, म्हणून स्वतःवर बघितलं. २३८. बिघडलेलं निघालं. बदलून आणलं. २५१. हेही तसलंच.
लेकाचं ९६. त्याच्या बोटावर बरोबर चालतं.

२१ जुलै
कोडं सुटलं! माझ्या बोटांना पुस्तकबांधणीची खळ लागलेली असते. खळ पिठाची. यंत्र पिठाचे आकडे दाखवतं. लेकाला समजावलं. तो म्हणाला, आई, हात धुऊन बघ ना. म्हटलं, वीस वर्षांची खळ आहे, साबणाने जाते का?

१२ ऑगस्ट
लेक रोज चालत ऑफिसला जातो. बारीक झालाय. माझ्या धाकाने. मी मात्र जिना चढताना दोनदा बसले. जबाबदारीचं ओझं. पाय झिणझिणतात. ह्यांची आठवण आली. छातीत दुखलं की म्हणायचे, गॅस आहे गं, होईल बरं. त्या दिवशीही तेच म्हणाले आणि चप्पल घालायला वाकले. ते उठलेच नाहीत.

१ सप्टेंबर
लेकाचं रक्त द्यायला सोबत गेले. त्याने मलाही नर्सपुढे दंड करायला लावला. म्हणाला, आई, मला एकट्याला भीती वाटते. एवढा घोडा झाला तरी! दिलं.

४ सप्टेंबर
तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा. लेकाचा ५.४, उत्तम. माझा ९.८.
शांतपणे खळीचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, काकू, हे रक्त दंडातून घेतलंय. दंडाला खळ लावता का?
मी म्हटलं, काही नाही हो, होईल बरं.
लेक एकदम उठून खिडकीपाशी गेला. पाठ फिरवून म्हणाला, बाबांसारखं नको बोलूस.
मग गोळ्यांची चिठ्ठी मी मुकाट्याने घेतली.

संध्याकाळी ६
नवा मुख्य डॉक्टर लेक. खाऊच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे. उद्यापासून दोघांनी चालायचं.
बांधायच्या पुस्तकांमागे एक पुडा आहे. त्याला माहीत नाही. उद्या सांगेन.

पावणेसात
सांगितलं. अर्धाच उरला होता.