चिठ्ठीवरची ओळ

सोमवार, ३ तारीख

लागली! नोकरी एकदाची लागली. वकीलसाहेबांच्या ऑफिसात टायपिस्ट. मागची खोली, एक टेबल, आणि कॉम्प्युटर असा की त्याच्यापुढे आमचा मिक्सर नवा वाटावा. रोजनिशी इथेच टाइप करणार, जेवणाच्या सुट्टीत. घरी वही ठेवली की धाकटी वाचते आणि वर शुद्धलेखनाच्या चुका काढते. आईमागे बहिणीला मीच वाढवलं, पण धाक म्हणून नाही! शिक्षण पुरं होईपर्यंत नोकरीचं नाव काढायचं नाही, एवढं मात्र बजावून ठेवलंय.

लेखनाचा प्रोग्राम सुरू करायची इथली तऱ्हाच न्यारी. पडद्यावर टिचकी मारायला चित्र नाही. काळी चौकट उघडायची आणि मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवरची ओळ जशीच्या तशी टाइप करायची. प्रोग्रामचं नाव, मग दोन आडव्या रेघा देऊन ‘नोलोगो’, पुन्हा रेघा देऊन ‘नोरिस्टोर’. पहिल्याने सुरुवातीचं बोधचिन्ह येत नाही, दुसऱ्याने आधी अर्धवट राहिलेला मजकूर परत वर येत नाही. साहेब म्हणाले, दुरुस्तीवाल्याने सांगितलंय, एक अक्षर गाळायचं नाही. का, ते त्यांनाही ठाऊक नाही.

टेबलाखाली बायकी चपला आहेत. शिपाईकाका म्हणाले, आधीच्या टायपिस्टबाईंच्या. एका दुपारी त्या खोलीत नव्हत्या, एवढंच. जाताना कुणी पाहिलं नाही. अनवाणी कुठे जाणार बाई माणूस?

बुधवार, ५ तारीख

त्या ओळीने नाकी नऊ आणले. एक रेघ चुकली की मुकाट पुन्हा पहिल्यापासून. काल वीज गेली आणि दोन पानं गेली ती वेगळीच. अर्धवट मजकूर परत येणं ही तर सोय झाली, ती बंद कशाला ठेवायची? म्हणून आज पडद्यावर एक चित्र करून ठेवलं. टिचकी मारली की प्रोग्राम सुरू. ‘नोलोगो’ ठेवलं, ‘नोरिस्टोर’ काढून टाकलं. साहेबांना पत्ता नाही. आहे की नाही मी हुशार!

गुरुवार, ६ तारीख

टिचकी मारली आणि माझ्या पानांऐवजी भलताच मजकूर वर आला. आधीच्या बाईंची रोजनिशी. शेवटची ओळ पुरी नव्हती: ‘कुणीतरी उघडा, मला पायच’. माझी सोमवारची आणि बुधवारची नोंद तिच्याखाली आपोआप जोडलेली. पुसायला गेले, पुसलं जाईना. गंमत करतंय कुणी?

सकाळपासून माझे पाय गार आहेत. टेबलाखालच्या चपलांना चुकून पाय लागला. त्या ऊबदार होत्या.

शुक्रवार, ७ तारीख

चिठ्ठीवरची पूर्ण ओळ टाइप केली. उपयोग नाही, मजकूर येतोच. आता उशीर झाला असावा. गुडघ्यापर्यंत काही कळत नाही. भिंत धरून घरी गेले. धाकटी म्हणाली, डॉक्टरकडे जाऊ. मी म्हटलं, उद्या राजीनामा देते.

शनिवार, ८ तारीख

राजीनामा टाइप करायला बसले — उठता येत नाही. शिपाईकाकांना हाक मारली. ते दारात आले, खुर्चीकडे पाहिलं, दिवा बंद करून गेले. मी खुर्चीतच होते. मी —

रविवार की —

अंधार. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ तेवढं दिसतं, आतून. इथे फक्त लिहिता येतं. कुणीतरी टेबलाखालच्या त्या चपला घालून गेलं, आधीच्या बाईच असणार, सुटलेल्या. पावलं ऐकली. माझ्या चपला असतील आता टेबलाखाली.

मंगळवार, १८ तारीख

कॉम्प्युटर चालू केलाय. साहेबांचा आवाज. पोलीस येऊन गेले म्हणे. मी सापडेपर्यंत माझ्या जागी धाकटी येणार आहे. तिनेच मागितलं काम. ताईचा इथेच काहीतरी माग लागेल म्हणाली.

नाही. तिला नको. सांगू कशी? हे तिला वाचता येईल ते उघडल्यावर, आणि उघडलं की —

सोमवार, २४

धाकटी बसलीये. समोर. किती वाळली गं. रडतेय. माझ्या चपला उचलून मांडीवर घेतल्या.

चिठ्ठी वाचतेय. शहाणी माझी. काळी चौकट उघडली. नोलोगो — चुकली. पुन्हा. पुन्हा चुकली. कंटाळली — माझ्यावर गेलीये —

चित्र दिसलं तिला. मी केलेलं. हात माउसकडे —

नको. टाइप कर गं, पूर्ण ओळ टाइप — मी राहते इथे, मला काही — नको —

उजेड. केवढा — पायाला ऊब — माझे पाय — नको, धाकटे, पाय माझे परत —