कानातले खडे

सोमवार, भर उन्हाळा

अजून पटत नाही. वर्षभर मालतीला चक्कर येतेय, गोळ्यांनी फरक नाही, आणि गुलमंडीजवळची ती फिजिओथेरपिस्ट पोरगी म्हणते, कानातले बारीक खडे जागेवरून सरकलेत! मुतखडा ऐकला होता. कानात खडे?

तिनं मालतीची मान एका बाजूला वळवून तिला झटकन आडवं केलं. मालती किंचाळली, "अहो, छत फिरतंय!" मी उठलोच. पोरगी म्हणाली, "काका, यांचे डोळे बघा." बुबुळं थरथरत होती. हिनंच काहीतरी केलं असणार! मग तिनं डोकं हळूहळू दुसऱ्या बाजूला फिरवलं, उठवून बसवलं. संपला उपचार?

घरी आरशात मी स्वतःची बुबुळं तशी थरथरवून पाहिली. जमलं नाही. म्हणजे ते नाटक नव्हतं?

संध्याकाळी टँकर आला. मालतीनं तांब्या भरला, मान मागं टाकली आणि वरून पाणी प्यायलं. मान मागं टाकली की चक्कर येईल, या भीतीनं वर्षभर ती भांड्याला तोंड लावून पीत होती. मी तिच्या पाठीशी हात धरून उभा.

"हात काढा हो, नाय पडत मी."

त्या पोरीवर अजून भरवसा नाही. पण हात काढला.